लिंकन : घडत गेलेला माणूस



अब्राहम लिंकनचे नाव ठाऊक नाही असे सुशिक्षित घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्याने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले म्हणून प्रसिद्ध असलेले एक पत्र आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले असते, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा वाचलेले असते. विद्वानांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या लिंकनच्या समग्र लेखनाच्या खंडांत मात्र ते पत्र नाही. त्यातील उपदेश चांगला आहे, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार निराळी आहे. असल्या पत्रामुळे आपल्या मनात जो लिंकन उभा राहतो तो जन्मापासूनच शहाणा, शांत आणि उदार असतो. लाकडाच्या खोपटात तो जन्मला, चुलीच्या उजेडात शिकला, मोठा झाला आणि त्याने गुलामांना मुक्त केले. या कथेत माणूस वयाने वाढतो, पण मनाने वाढलेला दिसत नाही. जे थोर होते ते पहिल्यापासून थोरच होते, असे मानले म्हणजे आपण त्यांना हार घालायला मोकळे होतो, आणि त्यांच्यापासून काही शिकण्याची जबाबदारीही आपल्यावर राहत नाही.

म्हणून आज मी त्या भिंतीवरच्या पत्राऐवजी लिंकनने खरोखर लिहिलेली दोन पत्रे आपल्यापुढे ठेवणार आहे. दोन्ही एकाच प्रसंगाविषयी आहेत, आणि त्यांच्यामध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे.

1841 सालच्या उन्हाळ्यात लिंकन केंटकी राज्यात आपला जिवलग मित्र जोशुआ स्पीड याच्या घरी काही आठवडे राहिला. लिंकन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. स्पीडचे घराणे सधन, मोठ्या शेतीवाडीचे आणि अर्थातच गुलाम बाळगणारे होते. परतीच्या वाटेवर दोघे मित्र ओहायो नदीतून आगबोटीने निघाले. त्याच बोटीवर एका गृहस्थाने केंटकीच्या निरनिराळ्या भागांतून विकत घेतलेले बारा गुलाम होते. त्यांना तो दक्षिणेतील एका मळ्यावर नेत होता. सहा-सहांच्या दोन रांगा करून त्यांना साखळीने जखडले होते. प्रत्येकाच्या डाव्या मनगटात लोखंडी कडे आणि ते एका लांब साखळीला अडकवलेले, जणू गळाच्या दोरीला लागलेले मासेच. हे सारे वर्णन लिंकनने त्या वर्षीच्या 27 सप्टेंबरला स्पीडच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात आहे. आईबाप, बायकामुले यांच्यापासून ही माणसे कायमची तोडली गेली आहेत, आणि जिथे त्यांना नेत आहेत तिथले चाबूक अधिक निर्दय आहेत, हेही तो लिहितो. पण पुढे काय म्हणतो? इतके असूनही बोटीवर त्यांच्याइतके आनंदी कोणी दिसले नाही! एक जण सारखा फिडल वाजवीत होता, बाकीचे नाचत, गात, विनोद करीत, पत्ते खेळत होते. यावरून परमेश्वर माणसाची कठीणात कठीण अवस्थाही सुसह्य करतो, असे तात्पर्य काढून तो मोकळा होतो, आणि लगेच पुढच्या मजकुरात आपली दुखरी दाढ कशी उपटली आणि तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडाही कसा निघाला, ते सांगू लागतो.

आता दुसरे पत्र पाहा. ते 24 ऑगस्ट 1855 चे, आणि लिहिलेले खुद्द जोशुआ स्पीडला. कॅन्ससच्या प्रदेशात गुलामगिरी येऊ द्यावी की नाही यावरून दोघा मित्रांत मतभेद झाला होता. लिंकन त्याला त्या जुन्या बोटीची आठवण देतो. लुईव्हिलपासून ओहायोच्या मुखापर्यंत दहाबारा गुलाम बेड्यांत होते, हे तुला आठवत असेल, मला तर आठवतेच. ते दृश्य मला सतत यातना देत आले आहे, आणि गुलामांच्या मुलखाच्या सीमेवर गेलो की तसेच काही ना काही पुन्हा दृष्टीस पडते. ज्या गोष्टीत मला दुःखी करण्याचे सामर्थ्य आहे तिच्याशी माझा संबंध नाही असे तू समजू नकोस, असे तो मित्राला बजावतो. नाच, गाणे, फिडल यांतले काहीही या पत्रात नाही.

बोट तीच, साखळी तीच, माणसेही तीच. मग बदलले काय? कोणी म्हणेल, पहिले पत्र गुलाम बाळगणाऱ्या घरातील एका स्त्रीला लिहिले होते, तेव्हा पाहुण्याचा संकोच आड आला असेल; आणि दुसरे पत्र वादात लिहिले, तेव्हा वादाचा जोर त्यात उतरला असेल. हा आक्षेप खोटा नाही. कोणतेही पत्र कोणाला आणि कशासाठी लिहिले हे पाहूनच वाचले पाहिजे. पण तेवढी वजावट करूनही काही शिल्लक राहतेच. बत्तीस वर्षांच्या लिंकनला त्या दृश्याचे कुतूहल वाटले होते, सेहेचाळीस वर्षांच्या लिंकनला त्याची लाज वाटत होती. हा पल्ला त्याने कसा गाठला, आणि पुढच्या दहा वर्षांत तो आणखी किती चालून गेला, हा आजचा विषय आहे.

प्रथम स्वभावाकडे पाहू. केंटकीत 12 फेब्रुवारी 1809 ला जन्मलेल्या, नवव्या वर्षी आई गमावलेल्या आणि सगळे मिळून वर्षभरही शाळेत न गेलेल्या या मुलाला एक देणगी उपजतच होती, ती म्हणजे जीभ. तरुणपणी ती फार तिखट होती. 1840 सालच्या निवडणुकीच्या धामधुमीत स्प्रिंगफील्डच्या एका सभेत त्याने जेसी टॉमस नावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्याचालण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की सभा हसून लोटपोट झाली आणि बिचारा टॉमस रडत निघून गेला. लिंकनला मागाहून त्याची माफी मागावी लागली. परंतु खोड गेली नाही. दोनच वर्षांनी त्याने इलिनॉय राज्याचा हिशेबतपासनीस जेम्स शील्ड्स याच्यावर वर्तमानपत्रात एका खेडवळ बाईच्या नावाने झोंबणारे पत्र लिहिले. शील्ड्सने द्वंद्वाचे आव्हान दिले. आव्हान स्वीकारणाऱ्याला शस्त्र निवडण्याचा हक्क असे. लिंकनने घोडदळाच्या रुंद पात्याच्या तलवारी मागितल्या, कारण त्याचे हात लांब होते! 22 सप्टेंबर 1842 रोजी मिसिसिपी नदीतील एका बेटावर दोघे समोरासमोर उभेही राहिले. मध्यस्थांनी समेट घडवला म्हणून बरे, नाहीतर पुढचा इतिहास कोणी सांगावा! उतारवयात या प्रकरणाचा उल्लेखदेखील त्याला सहन होत नसे.

आता याच माणसाची पुढची तीन चित्रे पाहा. 1855 साली कापणीयंत्राच्या पेटंटच्या एका मोठ्या खटल्यात त्याला वकील म्हणून नेमले होते. सिनसिनाटीला पोचल्यावर त्याच्याच पक्षाच्या बड्या वकिलांनी या गबाळ्या दिसणाऱ्या, खेड्यातल्या गृहस्थाला विचारलेही नाही. त्यांत एडविन स्टँटन मुख्य होता. लिंकनने अपमान गिळला, न्यायालयात प्रेक्षकांत बसून तो खटला संपूर्ण ऐकला आणि बडे वकील कसे काम करतात ते पाहून घेतले. सात वर्षांनी, जानेवारी 1862 मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंकनला कणखर युद्धमंत्री हवा होता. त्याने स्टँटनला बोलावले. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गच्या विजयानंतर सेनापती मीडने शत्रूला निसटू दिले, तेव्हा लिंकनने अत्यंत कडक शब्दांत त्याला पत्र लिहिले. मग त्या पाकिटावर ‘पाठवले नाही, सही केली नाही’ अशा अर्थाची नोंद करून ते ठेवून दिले. ज्याने एके काळी वैऱ्याला रडवण्यासाठी लेखणी चालवली, तोच आता लिहिलेले पत्र खणात ठेवून देत होता. जीभ बोथट झाली नव्हती, तिच्यावर ताबा आला होता. 1849 साली काँग्रेसमधील एकच मुदत संपवून तो घरी परतला, तेव्हा त्याचे राजकारण जवळजवळ संपल्यासारखेच झाले होते. त्या अपयशाच्या काळात तो वकिली करीत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरला आणि युक्लिडच्या भूमितीची सहा पुस्तके स्वतःच्या स्वतः शिकला. एखादी गोष्ट सिद्ध करणे म्हणजे काय हे समजून घेण्याची ही धडपड होती. 1854 नंतरच्या त्याच्या भाषणांत टवाळी कमी आणि युक्तिवाद जास्त आहे, त्याचे मूळ या वर्षांत शोधावे लागेल.

स्वभावातील हा बदल मान्य करायला कोणाला अडचण पडत नाही. मतांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. लिंकनचे मत बदलले असे म्हटले की त्याचे भक्त दुखावतात आणि त्याचे निंदक खूष होतात. म्हणून आपण तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहू. गुलामगिरी वाईट आहे काय? केंद्र सरकारला तिच्यावर हात टाकण्याचा अधिकार आहे काय? आणि गुलामगिरी गेल्यावर काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीने नागरिक म्हणून राहू शकेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिंकनने लवकर दिले. मार्च 1837 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आणि आणखी एका सभासदाने इलिनॉयच्या विधिमंडळात लेखी निषेध नोंदवला की गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे. पण त्याच निवेदनात असेही म्हटले होते की निर्मूलनवाद्यांच्या प्रचाराने अनर्थ कमी न होता वाढतोच. मत होते, त्याला धार नव्हती. याचा पुरावा 1847 साली मिळतो. मॅटसन नावाच्या केंटकीच्या जमीनदाराने आपले गुलाम इलिनॉयमधील शेतावर आणले होते. त्यांतील जेन ब्रायंट ही स्त्री मुलांना घेऊन पळाली आणि तिने मुक्ततेचा दावा सांगितला. या खटल्यात लिंकन कोणाच्या बाजूने उभा राहिला असेल? मालकाच्या! सुदैवाने तो खटला हरला, आणि ती बाई व तिची मुले मुक्त झाली. वकिलाने आलेले काम घ्यावे, असा त्या काळचा रिवाज होता हे खरे. पण ज्याला ते काम घेताना अडखळायला झाले नाही, त्याच्या मनात साखळीचे दृश्य अजून रुतले नव्हते, हेही खरे.

ते रुतले 1854 मध्ये. त्या वर्षी सिनेटर स्टीफन डग्लस याने कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा मंजूर करून घेतला, आणि ज्या प्रदेशांत तीस वर्षांहून अधिक काळ गुलामगिरीला बंदी होती तिथे ती नेण्याची वाट खुली झाली. गुलामगिरी हळूहळू आपोआप मरेल, या भरवशावर लिंकनची पिढी स्वस्थ बसली होती. तो भरवसा तुटला. 16 ऑक्टोबर 1854 रोजी पिओरिया येथे त्याने जे दीर्घ भाषण केले त्यात त्याच्या विचाराची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. गुलामगिरीच्या राक्षसी अन्यायाचा आपल्याला तिटकारा आहे, असे तो उघड सांगतो. पण मुक्त झालेल्यांचे काय करावे, हे आपल्याला पृथ्वीवरील सारी सत्ता दिली तरी सुचणार नाही, अशी कबुलीही देतो. त्यांना आफ्रिकेत धाडावे असे प्रथम मनात येते, पण ते तूर्त अशक्य. त्यांना आपल्या बरोबरीचे मानावे, तर आपल्या भावना ते मान्य करीत नाहीत. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाशी येऊन लिंकन थबकतो.

चार वर्षांनी तो नुसता थबकला नाही, मागे सरला. 1858 मध्ये सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लसशी त्याचे सात जाहीर वादविवाद झाले. इलिनॉयमधील चार्ल्स्टन गावी, 18 सप्टेंबर रोजी, त्याने हजारो श्रोत्यांसमोर सांगितले की दोन्ही वंशांत सामाजिक व राजकीय समता आणण्याच्या बाजूचा मी नाही, काळ्यांना मताधिकार द्यावा, ज्यूरीवर बसवावे किंवा आंतरवर्णीय विवाह व्हावेत, असेही माझे म्हणणे नाही. हे उद्गार आपण झाकू नयेत. ते मतांसाठी काढले असे म्हणावे तर तो दुबळेपणा ठरतो, मनापासून काढले म्हणावे तर ती अदूरदृष्टी ठरते. काहीही मानले तरी चार्ल्स्टनचा लिंकन आणि आपल्या भिंतीवरचा लिंकन एक नव्हेत.

मग 1861 चा एप्रिल उजाडला आणि युद्ध पेटले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्याच भाषणात लिंकनने आश्वासन दिले होते की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे ढवळाढवळ करण्याचा आपला हेतू नाही. त्या वर्षी सेनापती फ्रीमाँटने मिसुरीतील बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याची घोषणा केली, ती लिंकनने रद्द केली. सीमेवरची गुलामगिरीची राज्ये शत्रूला मिळतील ही त्याची भीती अनाठायी नव्हती. पण इतिहास केवळ राष्ट्राध्यक्षांच्या दालनात घडत नसतो. मे 1861 मध्येच व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर तीन गुलाम पळून आले आणि सेनापती बटलरने त्यांना परत देण्यास नकार दिला. तीनांचे पुढे हजारो झाले. जिथे जिथे उत्तरेचे सैन्य गेले तिथे तिथे गुलाम मळे सोडून छावणीत येऊ लागले. हे लोक मालमत्ता की माणसे, या प्रश्नाला बगल देणे अशक्य झाले, आणि ते अशक्य केले खुद्द गुलामांनी.

1862 च्या जुलैत लिंकनने सीमावर्ती राज्यांना पुन्हा एकदा विनवले की भरपाई घेऊन क्रमाक्रमाने गुलामगिरी सोडा. त्यांनी नाकारले. त्याच महिन्याच्या 22 तारखेस त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने युद्धकालीन सेनापतीच्या अधिकारात असे शोधले. परंतु तिसरा प्रश्न? मसुदा खणात असतानाच, 14 ऑगस्टला, त्याने वॉशिंग्टनमधील पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि तुम्ही हा देश सोडून अन्यत्र वसाहत करावी हे दोघांच्याही हिताचे, असा उपदेश केला. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस हे वाचून संतापला आणि त्याने लिंकनवर आपल्या पत्रातून कडक टीका केली. हैतीजवळच्या एका बेटावर अशी वसाहत खरोखरच करून पाहण्यात आली. रोगराईने आणि उपासमारीने तिची दुर्दशा झाली, आणि 1864 च्या आरंभी उरलेल्यांना सरकारी जहाज पाठवून परत आणावे लागले.

1 जानेवारी 1863 च्या अंतिम जाहीरनाम्यात परदेशी वसाहतीचा शब्दही नाही. तो बंडखोर प्रदेशापुरताच होता, सीमावर्ती राज्यांतील गुलामांना त्याने हात लावला नाही. पण त्यात एक नवे कलम होते : मुक्त झालेल्यांना सैन्यात घेतले जाईल. माझ्या मते लिंकनच्या मनातील तिसऱ्या प्रश्नाची गाठ सैल झाली ती येथे. युद्धसमाप्तीपर्यंत सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या पायदळात व तोफखान्यात लढले. ज्याला देशाबाहेर पाठवायचे, त्याच्याच हाती देशाची बंदूक द्यायची, हे दोन्ही एकदम कसे जमणार? ऑगस्ट 1863 मध्ये फ्रेडरिक डग्लस राष्ट्राध्यक्षांना प्रथम भेटला, तो काळ्या शिपायांना समान वेतन आणि समान संरक्षण मागण्यासाठी. लिंकनने सारे मान्य केले नाही, पण ऐकून घेतले. आपल्या वर्णाची जाणीव ज्याने वागण्यातून एकदाही करून दिली नाही असा हा मोठा माणूस, अशी आठवण डग्लसने पुढे नमूद करून ठेवली आहे. एके काळचा टीकाकार असे लिहितो, तेव्हा त्याला वजन असते.

हा सारा बदल सोयीचा होता, युद्ध जिंकण्यापुरता होता, असे म्हणणारे आहेत. त्यांना 1864 च्या ऑगस्टचे उत्तर आहे. युद्ध रेंगाळले होते, प्रेतांचे ढीग पडत होते, आणि आपण निवडणूक हरणार असे लिंकनने स्वतःच 23 ऑगस्टला एका कागदावर लिहून ठेवले होते. मुक्तीची अट सोडा, मग तह होईल आणि मतेही मिळतील, असा सल्ला चहूकडून येत होता. त्याच दिवसांत तो भेटीस आलेल्यांना म्हणाला की आपल्यासाठी लढलेल्या काळ्या वीरांना पुन्हा मालकांच्या हवाली केले तर आपण इहलोकी आणि परलोकी शापास पात्र होऊ. सोय एकीकडे होती आणि हा माणूस दुसरीकडे उभा राहिला. 1858 मध्ये चार्ल्स्टनला त्याला जे साधले नव्हते, ते येथे साधले.

पुढचे लवकर सांगतो. गुलामगिरी देशभर रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने 31 जानेवारी 1865 ला संमत केली. 4 मार्चला दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभी केलेल्या छोट्या भाषणात लिंकनने विजयाचा डंका वाजवला नाही. हे युद्ध म्हणजे गुलामगिरीच्या पापाबद्दल उत्तर आणि दक्षिण दोघांनाही मिळालेली शिक्षा असावी, असे तो म्हणाला. दाढेच्या गोष्टीआधी परमेश्वराने सारे सुसह्य केल्याचे लिहिणारा तरुण आणि अडीचशे वर्षांच्या फुकट श्रमाचा हिशेब परमेश्वरापुढे मांडणारा हा राष्ट्राध्यक्ष, यांच्यामध्ये त्याने पोटचे दोन मुलगे आणि लाखो देशबांधव गमावले होते. 11 एप्रिलला त्याने शेवटचे जाहीर भाषण केले. सुशिक्षित कृष्णवर्णीयांना आणि जे शिपाई म्हणून लढले त्यांना मताधिकार मिळावा, हे आपल्याला पसंत आहे, असे तो त्यात म्हणाला. वर्षभरापूर्वी लुइझियानाच्या गव्हर्नरला त्याने हेच खाजगी पत्रात सुचवले होते. राष्ट्राध्यक्षाने जाहीरपणे असे म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग. मागणी अर्धीमुर्धीच होती, पण चार्ल्स्टनपासून इथवर सातच वर्षे झाली होती. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिंकनच्या ओठांवर अर्धेच राहिले, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच्या देशाला पुढे शंभर वर्षे झगडावे लागले.

1876 साली वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा पुतळा उभारला गेला, तेव्हा फ्रेडरिक डग्लसने भाषण केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसले असताना तो म्हणाला की लिंकन मुख्यतः गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही त्याची सावत्र मुले. निर्मूलनवाद्यांच्या जागेवरून पाहिले तर तो मंद आणि थंड वाटे, पण देशाच्या एकंदर जनमताच्या मानाने पाहिले तर तो वेगवान आणि निर्धाराचा होता. पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी इतके खरे बोललेले भाषण मला दुसरे माहीत नाही. मेलेल्या मित्राचा याहून मोठा सन्मान तरी कोणता?

आपल्याकडेही या घटनांचा प्रतिध्वनी उमटला होता. 1873 साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते अर्पण केले अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. एका पुरुषाचे नाव न घेता जोतीरावांनी ते एका लोकसमूहाला वाहिले, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मळा सोडून निघालेले ते तीन गुलाम, साखळीतून सुटून व्यासपीठावर आलेला फ्रेडरिक डग्लस, शिव्याशाप खात गावोगाव फिरलेले निर्मूलनवादी, बंदूक खांद्यावर घेतलेले काळे शिपाई, या सर्वांनी मिळून लिंकनला पुढे ढकलले. घटनांवर मी ताबा ठेवला असा माझा दावा नाही, घटनांनीच माझ्यावर ताबा ठेवला, असे त्याने 1864 मध्ये एका पत्रात कबूलही केले आहे. मात्र त्याच घटना इतर अनेकांच्याही वाट्याला आल्या होत्या. इलिनॉयचा स्टीफन डग्लस, केंटकीचे जमीनदार, उत्तरेतील कित्येक सेनापती, यांनीही तीच साखळी पाहिली होती. ज्याला ढकलले असता पुढे पाऊल टाकता येते आणि टाकलेले पाऊल संकटात मागे घेववत नाही, असा माणूस त्यांत फार विरळा होता.

मतांतर हा शब्द आपण बहुधा शिवी म्हणून वापरतो, आणि राजकारणात तो पुष्कळदा शिवीलाच पात्र असतो. तेव्हा पारख कशी करावी? मला लिंकनच्या चरित्रावरून एकच कसोटी सुचते. बदललेल्या मताची किंमत त्या माणसाने स्वतः चुकती केली की दुसऱ्याकडून वसूल केली, हे पाहावे. उद्या आपण एखाद्या शाळेत गेलात आणि भिंतीवर ते हेडमास्तरांचे पत्र दिसले, तर ते काढून टाका असे मी म्हणणार नाही. फक्त जवळच्या एखाद्या मुलाला त्या बोटीची हकीगत सांगा, आणि एकाच माणसाने तिच्याविषयी दोनदा काय लिहिले तेही सांगा.